काजळातले शिसे कसे ओळखाल?

घरातल्या तान्ह्या बाळासाठी काजळाची डबी उघडली जाते, तेव्हा त्या काळ्या रंगात नेमके काय असते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय?

दिव्यावर धरलेल्या काजळीत मुख्यतः कार्बन असतो. काही सुरम्यांत मात्र गॅलेना या खनिजाची पूड असते. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड. त्याच्या वजनाचा सुमारे ८७ टक्के भाग शिसे असते! डोळे चोळलेला हात तोंडात गेला की हे शिसे पोटात जाते. शरीरात ते कॅल्शियमची जागा बळकावते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक आढळलेले नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, गॅलेनाची घनता ७.५ आहे. मग घनता मोजून ते ओळखू या!" ठीक, गणित करू. समजा, काजळाची घनता १ आहे. त्यात वजनाने १ टक्का गॅलेना मिसळले, तर मिश्रणाची घनता होईल सुमारे १.००९. चमचाभर काजळात हा फरक हाताला मुळीच जाणवणार नाही. पण शिसे किती असेल? दर दहा लाख भागांत सुमारे ८,७०० भाग! आपल्या देशात प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. सेंद्रिय रंगांत अशुद्धी म्हणूनही ते दहा लाखांत २० भागांहून अधिक चालत नाही.

मग प्रयोगशाळेत ते कसे सापडते? नमुन्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. शिशाचे किरण सुमारे १०.५ व १२.६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतात. ही त्याची सहीच म्हणा ना!

असे उपकरण घरी नसते. म्हणून सुटा, बिननावाचा सुरमा घेऊ नका. वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक व मुदत पाहा. 'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नका; गॅलेनाही निसर्गातलेच! बाळाच्या डोळ्यांत तर घरचे काजळही नको.

आज घरातली एक डबी घ्या आणि तिच्यावरचा मजकूर आईला वाचून दाखवा. काय लिहिलेले नाही, तेही सांगा.