रुपयाचे चिन्ह एका दाबात

अष्टमी-रोह्यातील आमचे जे व्यापारी व कारागीर बंधू संगणकावर बिले करतात, त्यांना ₹ हे चिन्ह दर वेळी शोधावे लागते. सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. 'वर्ड'मध्ये त्यासाठी स्वतःची कळ ठरविता येते.

इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स असे जाऊन ₹ निवडावे व 'शॉर्टकट की' दाबावे. उघडलेल्या चौकटीत हव्या त्या कळा दाबाव्यात. येथे घाई करू नये. 'करंटली असाइन्ड टू' यापुढे त्या कळांचे जुने काम दिसते. कंट्रोल-आर मजकूर उजवीकडे नेते. कंट्रोल-ऑल्ट-आर नोंदणीकृत ट्रेडमार्कचे चिन्ह उमटविते. कंट्रोल-एस दिल्यास बिल सेव्ह होण्याऐवजी ₹ उमटेल, आणि वीज गेली तर मेहनत वाया जाईल.

म्हणून 'अनअसाइन्ड' असे दिसेल तीच जोडी घ्यावी व 'असाइन' दाबावे. 'सेव्ह चेंजेस इन'मध्ये 'नॉर्मल' ठेवल्यास त्या संगणकावरील प्रत्येक नव्या बिलात ती चालते.

दुकानात बिले करणारे हात अनेक असतात. ठरविलेली कळ कागदावर लिहून संगणकाजवळ लावावी, असे आम्ही सुचवितो.