रोजचा प्रवास आणि प्लग-इन हायब्रिड गाडी : खऱ्या कार्यक्षमतेचा हिशेब

सांगलीहून मिरजेला, साताऱ्याहून कराडला, वाईहून पाचगणीला अनेक शिक्षक, अधिकारी व कर्मचारी रोज ये-जा करतात. इंधनाचा खर्च हा त्यांच्या घरखर्चातील मोठा भाग असतो. कार्यालयीन वाहनांचा इंधनखर्च तर जनतेच्या पैशातून होतो. त्यामुळे कोणती गाडी किती ऊर्जा खाते, हा प्रश्न केवळ गाडी घेणाऱ्याच्या आवडीचा राहत नाही. पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड गाडीच्या बाबतीत तर हा हिशेब विशेष काळजीने मांडावा लागतो.

ही गाडी कशी चालते?

साध्या हायब्रिड गाडीत लहान बॅटरी असते. ती इंजिनामुळे व ब्रेक लावताना वाचणाऱ्या ऊर्जेमुळे चार्ज होते. बाहेरून वीज घेता येत नाही. प्लग-इन हायब्रिड गाडीची बॅटरी मोठी असून ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. बॅटरीत वीज आहे तोवर गाडी विद्युत मोटारीवर धावते. वीज संपली की पेट्रोल इंजिन काम हाती घेते. भारतात अशा गाड्या अद्याप थोड्या व महागड्या आहेत. परंतु त्यांच्यापासून मिळणारा धडा कोणत्याही वाहनाची निवड करताना उपयोगी पडणारा आहे.

विद्युत मोटार तिला मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे नऊ दशांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते. पेट्रोल इंजिनात मात्र बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. साहजिकच अशा गाडीची कार्यक्षमता एकच एक नसते. रोजच्या अंतरापैकी किती भाग बॅटरीवर पार पडतो, यावर ती ठरते.

कागदावरील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

वाहनांच्या चाचण्या रुळांवर गाडी ठेवून, ठरावीक वेगाने व ठरावीक पद्धतीने घेतल्या जातात. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आपल्याकडे असे काम करते. दोन गाड्यांची तुलना करण्यास अशी चाचणी आवश्यकच असते. पण मालक गाडी रोज चार्ज करील की नाही, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तेथे अनुमानच करावे लागते.

हे अनुमान किती चुकू शकते, ते युरोपात दिसून आले. २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या गाड्यांतील मापकांची माहिती गोळा करून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल व डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतील आकड्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक भरले. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे मात्र ते सरासरी साडेतीन पट निघाले. अपेक्षेइतक्या वेळा या गाड्या चार्ज केल्या जात नव्हत्या, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

तीन रस्ते, तीन उत्तरे

उदाहरणादाखल अशी एक गाडी धरू, जी एका चार्जवर ४० किलोमीटर जाते व १०० किलोमीटरला मीटरवरील २० युनिट वीज घेते. पेट्रोलवर ती शहरात लिटरला १२ आणि महामार्गावर १६ किलोमीटर चालते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते.

पहिला रस्ता सांगली ते मिरज. जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटर, सपाट आणि वर्दळीचा. येथे सारा प्रवास बॅटरीवर होतो आणि ४ युनिट वीज लागते. हेच अंतर पेट्रोलवर कापण्यास १.६७ लिटर, म्हणजे १५ युनिट ऊर्जा खर्ची पडते.

दुसरा रस्ता सातारा ते कराड. जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर. गाडी चार्जच केली नाही तर सव्वासहा लिटर पेट्रोल, म्हणजे ५६ युनिट लागतात. रात्री घरी एकदा चार्ज केल्यास ८ युनिट वीज व पावणेचार लिटर पेट्रोल मिळून ४२ युनिट होतात. कराडच्या कार्यालयातही दिवसा चार्ज करण्याची सोय असेल, तर हीच बेरीज २७ युनिटांवर येते. गाडी तीच, रस्ताही तोच. फरक पडला तो कार्यालयातील एका सॉकेटने.

तिसरा रस्ता वाई ते पाचगणी. पसरणी घाटातून सुमारे १२ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ आहे. १,६०० किलो वजनाची गाडी एवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे अडीच युनिट ऊर्जा जादा लागते. म्हणजे सपाट रस्त्याच्या तुलनेत खर्च दुपटीवर जातो. उतरताना त्यातील काही भाग बॅटरीत परत मिळतो. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा हवी. पाचगणीत राहून सकाळी वाईला उतरणाऱ्याने रात्री बॅटरी पूर्ण भरून ठेवली, तर घाटाचे हे देणे घेता येत नाही.

वीज कोठून येते?

येथवरचा हिशेब मीटरपर्यंतचा झाला. कोळशावरील वीजकेंद्रात एक युनिट विजेसाठी सुमारे तीन युनिट उष्णता खर्च होते. देशातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो, तर एक लिटर पेट्रोल जाळण्यामागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. या मापाने सांगली–मिरज प्रवासात पेट्रोलचे ३.८ किलो, तर विजेचे २.८ किलो उत्सर्जन होते. लाभ स्पष्ट आहे. सातारा–कराड प्रवासात मात्र चार्ज न करता, एकदा करून वा दोनदा करून, तिन्ही रीतींत आकडा १४ किलोंच्या आसपासच राहतो! (पेट्रोलचे शुद्धीकरण व वाहतूक, तसेच विजेच्या वहनातील गळती यांत धरलेली नाही.) पेट्रोल वाचते, शहरातील धूर कमी होतो, पण कोळसा तेवढा जळतोच.

यावरील उपाय याच भागात आहे. सातारा जिल्ह्यात कोयनेची जलविद्युत आहे, चाळकेवाडी व वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. सांगली जिल्ह्यात ढालगाव परिसरातही त्या फिरतात. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. छतावरील एक किलोवॉटचा सौरसंच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. म्हणजे सांगली–मिरज ये-जा करण्यास पुरेल इतकी. नोकरदाराची गाडी ऊन असतानाच कार्यालयाच्या आवारात उभी असते. तेव्हा कार्यालय, शाळा वा पंचायतीच्या छतावरील सौरसंच व आवारातील चार्जिंगची सोय यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

स्वतःची नोंदवही

गाडी निवडण्यापूर्वी व घेतल्यानंतर प्रत्येकास पुढील नोंदी ठेवता येतील :

१. रोजचे जाण्यायेण्याचे अंतर व त्यातील घाटाचा भाग.
२. महिन्याच्या आरंभी टाकी पूर्ण भरावी; अखेरीस पुन्हा भरताना लागलेले पेट्रोल लिहावे.
३. चार्जिंगसाठी स्वतंत्र उपमीटर बसवून महिन्याचे युनिट टिपावेत.
४. किती दिवस गाडी चार्ज केली नाही, तेही नोंदवावे.
५. पेट्रोलचे लिटर ९ ने गुणून त्यात विजेचे युनिट मिळवावेत. बेरजेस एकूण किलोमीटरने भागून १०० ने गुणावे.

शाळेतील वरच्या वर्गांना गणित व विज्ञानाचा प्रकल्प म्हणून हा हिशेब देता येईल. रोजचे अंतर ४० किलोमीटरांच्या आत आणि चार्जिंगची नित्य सोय असेल, तेथे ही गाडी आपले काम चोख करते. अंतर मोठे व सोय नसलेली असेल, तर ती जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडीच ठरते. विक्रेत्याच्या पत्रकातील आकड्यापेक्षा महिनाभराची नोंदवही अधिक विश्वासार्ह असते; सार्वजनिक पैशातून वाहन घेताना तर तिचाच आधार घेणे हिताचे होय.