जांभूळ रस: रंग सालीत आहे

जांभळाच्या सालीतला गडद रंग म्हणजे अँथोसायनिन, एक अँटिऑक्सिडंट. रक्तातली जादा साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते, त्याला ग्लायकेशन म्हणतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हा रंग ती क्रिया मंदावतो. पण म्हणून बाटलीवर 'मधुमेह बरा होतो' छापू नका, कायद्यात बसत नाही. आणि घरातल्या कुणी गोळ्या बंद करून रसावर राहू नये, हे हात जोडून सांगतेय.

फळ पूर्ण काळं झाल्यावरच तोडा, लालसर फळात रंग कमी असतो. रस काढताना साल टाकू नका. जास्त वेळ उकळलं की रंग उडतो. लोखंडी कढई नकोच, रस आंबट असतो. स्टीलचं पातेलं घ्या.