घोडीला जंतनाशक: अंदाजाने नको, वजनाने द्या



मेंढ्यांना पाजून उरलेलं जंताचं औषध घोडीला देऊ नका. डोस कमी पडला की चिवट जंत तेवढे उरतात आणि पुढे ते औषध लागूच पडत नाही.

१) वजन काढा: घेर × घेर × लांबी ÷ ११,८८० = किलो. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, सेंटीमीटरमध्ये मोजा. उदा. घेर १५०, लांबी १३५, तर वजन साधारण २५५ किलो.

२) ताजी लीद दवाखान्यात तपासून घ्या. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील. घोडी गाभण असेल तर आधी सांगा. १४ दिवसांनी लीद पुन्हा तपासा. औषध लागू पडलं का ते कळेल.

३) पाजताना तोंडात चारा नको, घासाबरोबर औषध थुंकते. म्होरकी धरून खांद्याजवळ उभे राहा. पुढचे दात आणि दाढा यांमधल्या रिकाम्या जागेतून सिरिंज घालून औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडा. पातळ औषध असेल तर डोकं फार उंच करू नका, ठसका लागतो.

४) घोडी बुजते? आधी चार दिवस रिकाम्या सिरिंजने गुळाचं पाणी पाजून सवय लावा.

५) गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचू नका. टोचल्या जागी जीवघेणी सूज येऊ शकते.

६) बांधायच्या जागेवरची लीद रोज उचला. जंताची अंडी तिथूनच चाऱ्यात जातात.