नाकाचा निकाल वर्षाने लागतो

नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा ऑपरेशनने काढून घेतला, त्याला आता बरीच वर्षे झाली. पट्ट्या निघाल्या तेव्हा घरीदारी सगळ्यांनी कौतुक केले. दवाखान्याने फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी लावलेही. समोरून पाहता नाक खरोखरच सुबक दिसत होते.

पण सूज जसजशी ओसरली, तसतसे खरे नाक दिसू लागले. मधला भाग दोन्ही बाजूंनी आत बसला आणि तिथे उलट्या ‘व्ही’सारखी सावली पडू लागली. जिना चढताना नाकाने श्वास पुरेना. बोटाने गाल बाहेर ओढला की तोच श्वास मोकळा व्हायचा. दुसऱ्या सर्जनने तपासून कारण सांगितले. उंचवटा काढताना मधल्या कूर्चांचा आधार सुटतो. मधल्या पडद्यालगत कूर्चेच्या पट्ट्या बसवून तो परत द्यावा लागतो. माझ्या बाबतीत तो दिलाच नव्हता. दुरुस्तीसाठी बरगडीची कूर्चा घ्यावी लागली. आधीच्या व्रणांमुळे दुसरे ऑपरेशन नेहमीच अवघड असते.

म्हणून सांगते, दवाखान्याने फोटो दाखवले की आधी तारीख विचारा. नाकाची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण टोकाची उतरायला वर्ष लागते, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. तीन आठवड्यांच्या फोटोवरून निकाल ठरवता येत नाही. वर्षानंतरचे फोटो मागा, आणि तेही तुमच्यासारखे नाक, तुमच्यासारखी कातडी असलेल्यांचे.

मग कोन पाहा. समोरून, दोन्हीकडून तिरके, थेट दोन्ही बाजूंनी आणि मान वर करून खालून, असे सगळे फोटो हवेत. खालून पाहिल्यावर नाकाचा तळ त्रिकोणी आणि नाकपुड्या साधारण सारख्या दिसाव्यात. टोक चिमटीत धरल्यासारखे नको, नाकपुडीची कड वर ओढलेली नको, बाजूने पाहता दांडा खोल खणलेला नको. आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही फोटोंत प्रकाश, अंतर आणि चेहऱ्यावरचा भाव एकच असावा. हसताना नाकाचे टोक खाली येते, त्यामुळे हसरा आणि गंभीर फोटो शेजारी ठेवून तुलना होत नाही. मोबाइल जवळ धरून काढलेल्या सेल्फीवर तर विसंबूच नका. २०१८मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसते, असे आढळले.

फोटोत व्रणही दिसायला हवा. कपाळाच्या कातडीतून नाक घडवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत जगाला कळली ती पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेतून. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची ती हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४मध्ये चित्रासह छापली. त्या चित्रात नव्या नाकाबरोबर कपाळावरचा व्रणही आहे. व्रण झाकणारा फोटो अर्धीच गोष्ट सांगतो.

चेहरा ताणून घेण्याचे ऑपरेशन असेल, तर कानाकडे पाहा. पाळी खाली ओढली गेली आहे का, कानापुढचे केस मागे सरकले आहेत का, व्रण रुंद झाला आहे का? खालच्या पापण्यांचे काम असेल, तर बुबुळाखाली पांढरा भाग जास्त उघडा पडलेला नसावा.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे श्वास. ऑपरेशनआधी आणि नंतर एकेक नाकपुडी बंद करून दुसरीने खोल श्वास घेऊन बघा. शक्य असेल तर वर्ष उलटलेल्या पेशंटशी बोला आणि त्यांनाही हेच विचारा. डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी, किंवा कान-नाक-घशाची पदव्युत्तर पदवी व नाकाच्या कामाचा अनुभव, तसेच मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कोणाचा, हे आधीच लेखी घ्या.

हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठून या. जो शांतपणे वर्षानंतरचे फोटो काढून समोर ठेवतो, व्रण दाखवतो आणि काय जमणार नाही तेही सांगतो, त्याच्याच हाती आपला चेहरा द्या.