पेन्सिल आणि भिंगाने ओळखा झाडांची कुळे

हरिहरेश्वर परिसरातील बागायतदारांच्या वाडीत नारळ, सुपारी, मिरी, जायफळ ही झाडे एकत्र नांदतात. वरकस जमिनीवर आंबा-काजू असतो, तर भातानंतर वांगी, मिरची, काकडी घेतली जाते. ही सर्व झाडे आपण नावाने ओळखतो. त्यांची कुळे ओळखता आली, तर एका पिकाचा रोग दुसऱ्याला लागेल का, कोणते झाड विषारी असावे, याचा अंदाज आधीच बांधता येतो. कुळ शिकण्याचा बिनखर्चाचा मार्ग म्हणजे झाडाचे चित्र काढणे. चित्र काढताना पाकळ्या मोजाव्याच लागतात, त्यामुळे नजर पक्की होते.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ दापोडी येथील वनस्पती उद्यानात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही, पण चित्रे एडिंबरो येथे आजही जपून ठेवली आहेत.

चित्र कसे काढावे?

साधी वही, पेन्सिल, मोजपट्टी, दहापट मोठे दाखविणारे भिंग आणि ब्लेड एवढे साहित्य पुरे.

१. फुलासह ताजी फांदी घ्यावी. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे प्रथम पाहावे.

२. पानाची लांबी-रुंदी मोजून रेखाटावी. पान साधे की संयुक्त, हे लिहावे.

३. फूल मधोमध उभे कापावे. बाहेरून आत चार मंडले दिसतात : हिरवा निदलपुंज, रंगीत दलपुंज, पुंकेसरांचा पुमंग आणि मध्यभागी जायांग. प्रत्येकातील भाग मोजावेत, ते सुटे की जुळलेले हे नोंदवावे.

४. अंडाशय, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, पाकळ्यांच्या वर आहे की खाली, हे पाहावे.

५. शेजारी स्थानिक नाव, जागा व तारीख लिहावी. रंग सर्वांत शेवटी भरावा.

तीन कुळांचा सराव

कंटकारी कुळ (सोलॅनेसी) : वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा व धोत्रा. पाकळ्या बहुधा पाच आणि तळाशी जुळलेल्या, निदलपुंज फळाला टोपीसारखा चिकटून राहतो. या कुळातील पिकांना जिवाणूजन्य मर रोग होतो. हिरवे झाड अचानक माना टाकते. अशा खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात अधांतरी धरल्यास पांढरा धागा खाली उतरतो. रोगाचे जिवाणू जमिनीत राहतात, म्हणून वांग्यानंतर त्याच जागी टोमॅटो किंवा मिरची लावू नये. भातासारख्या वेगळ्या कुळातील पिकाने फेरपालट करावी.

कर्कटी कुळ (कुकुर्बिटेसी) : काकडी, पडवळ, दोडका, कलिंगड. नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ दिसते, हाच खालचा अंडाशय. सुरुवातीची बरीचशी फुले नर असतात. ती गळाली म्हणून घाबरू नये.

करवीर कुळ (अ‍ॅपोसायनेसी) : कण्हेर, बिट्टी, सदाफुली, चाफा. मोडल्यास बहुधा पांढरा चीक येतो, कळीत पाकळ्या पिळलेल्या असतात. खाडीकाठचा सुकाणू याच कुळातला. त्याचे हिरवे फळ कैरीसारखे दिसते, परंतु बी हृदयाला घातक असते. आंब्याचे पान चुरडल्यास कैरीचा वास येतो आणि मोहोरात अगदी बारीक फुले असतात. सुकाणूचे फूल मोठे व पांढरे असते. मुलांना हा फरक अवश्य दाखवावा.

सावधानता

एकाच खुणेवर निर्णय घेऊ नये. पांढरा चीक वडालाही येतो आणि शेरालाही, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. तीन-चार खुणा जुळल्या तरच कुळ ठरवावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. अनोळखी फळ किंवा पान चाखून पाहू नये.

आठवड्याला एक झाड याप्रमाणे वर्षभरात पन्नास चित्रे सहज होतात. ओळख पटत नसेल, तर चित्र आणि वर्तमानपत्रात दाबून वाळविलेली फांदी घेऊन दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अशी वही घरात असली, की पुढच्या हंगामात कोणत्या वाफ्यात काय लावावे, हे ठरविणे सोपे जाते.