चष्म्याचा नंबर आणि पारपटलाची जाडी

बागसेवनियात माझ्याकडे तपासणीस येणाऱ्या लघुदृष्टीच्या तरुणांची बहुधा एकच मागणी असते : ‘लेसरने चष्मा घालवा.’ अशा वेळी मी पारपटलाची, म्हणजेच कॉर्नियाची, जाडी मोजतो. मध्यभागी ती सरासरी ५४० मायक्रॉन असते. केवळ चष्म्याच्या नंबरावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून प्रत्येकाची पॅकिमेट्री आवश्यक.

विवाह ठरलेल्या एका तरुणाचा नंबर उणे ८ आणि जाडी ४७० मायक्रॉन निघाली. लॅसिकमध्ये ६ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात प्रत्येक डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन ऊती घटते, म्हणजे ९६. वरच्या पापुद्र्याचे ११० धरता खाली २६४ उरतात. २५० ही जुनी किमान मर्यादा. आज ३०० राखणे श्रेयस्कर मानतात. पारपटल दुर्बल होऊन पुढे फुगले, तर दृष्टी कायमची बिघडू शकते. मी नकार दिला. तो नाराज झाला; हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर त्याला पटले.

जाडी पुरेशी असली, तरी केराटोकोनस नसल्याची खात्री टोपोग्राफीने करावीच लागते. शिवाय पातळ पारपटलावर नेत्रदाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो, हेही विसरू नये. पालकांनी व फॅमिली डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी हे अहवाल अवश्य मागावेत, ही नम्र विनंती.